मागायला जाताना जेटने जाऊ नका



रील्स बघत असाल तर हा फोटो तुमच्या ओळखीचा असणार. पांढऱ्या लेदरच्या खुर्चीत पंचविशीतला एक माणूस, बाजूला विमानाची छोटी खिडकी, हातात कॉफी, आणि खाली लिहिलेलं, "मी नोकरी सोडली तेव्हा सगळे हसले होते." २०२० साली लॉस एंजेलिसमधला एक स्टुडिओ गाजला होता. आतून हुबेहूब प्रायव्हेट जेट वाटेल असा सेट, भाडं तासाला ६४ डॉलर. पंख नाहीत, इंजिन नाही, पायलट नाही. मॉस्कोत तर त्याच्याही आधी खऱ्या पण जमिनीवर उभ्या असलेल्या जेटमध्ये बसून फोटो काढायची सोय भाड्याने मिळत होती.

म्हणजे बघा, जेटच्या फोटोलासुद्धा बाजारात भाव आहे. आणि हाच फोटो दाखवून तुम्हाला शिकवलं जातं की मोठं व्हायचं असेल तर आधी मोठं दिसा. माझ्या ट्रेनिंगला येणाऱ्यांपैकी बरेच जण हे वाक्य पाठ करूनच येतात. मला ते पटत नाही. का पटत नाही हे सांगायला खऱ्या जेटचीच गोष्ट घेतो, कारण 'मोठं दिसण्याचा' खर्च किती महागात पडतो हे जेटवाल्यांइतकं कुणीच अनुभवलेलं नाही.

नोव्हेंबर २००८. अमेरिकेत मंदी आलेली, बँका कोसळलेल्या, गाड्यांची विक्री बसलेली. डेट्रॉईटच्या तीन मोठ्या गाडी कंपन्या, जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर, यांचे प्रमुख सरकारकडे मदत मागायला वॉशिंग्टनला गेले. मागणी होती २५ अब्ज डॉलरची, म्हणजे अडीच हजार कोटी डॉलर. आणि तिघेही गेले आपापल्या कंपनीच्या जेटने. तीन वेगवेगळी विमानं!

संसदेच्या समितीसमोर सुनावणी सुरू झाली. ब्रॅड शर्मन नावाच्या सदस्याने साधा प्रश्न विचारला : तुमच्यापैकी नेहमीच्या प्रवासी विमानाने कोण आलंय, हात वर करा. एकही हात वर गेला नाही. मग विचारलं, जेट विकून टाकून परत जाताना प्रवासी विमानाने जायची तयारी कुणाची आहे? तेव्हाही हात खालीच. गॅरी ॲकरमन नावाचे दुसरे सदस्य म्हणाले त्याचा मतलब असा, की हे म्हणजे सूट आणि उंच हॅट घालून अन्नछत्राच्या रांगेत उभं राहण्यासारखं झालं. त्या रात्री अमेरिकेतल्या सगळ्या चॅनेलवर कंपन्यांची अडचण काय होती, किती लाख नोकऱ्या पणाला लागल्या होत्या, हे मागे पडलं. जेट पुढे आलं.

आता इथे थांबून आपण दुकानदारासारखा हिशोब करू. जनरल मोटर्सच्या त्या फेरीचा खर्च तेव्हा माध्यमांनी अंदाजे २० हजार डॉलर काढला होता. तिन्ही विमानांचे मिळून ६० हजार धरा. मागितलेली रक्कम २५ अब्ज. भागाकार केला तर जेटचा खर्च मागणीच्या चार लाखांत एक इतकासुद्धा भरत नाही. म्हणजे तुम्ही बँकेत चार लाखांचं कर्ज मागायला गेलात आणि जाताना एक रुपया जास्तीचा खर्च केलात, इतकंच. वहीच्या हिशोबाने हा खर्च दिसतसुद्धा नाही. कंपन्यांकडे कारणंही होती. सुरक्षेसाठी प्रमुखाने कंपनीच्याच विमानाने फिरायचं असा नियम होता, वेळ वाचतो हेही खरं होतं.

पण वहीच्या बाहेर दुसरा एक हिशोब चालू असतो. तो समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात असतो. ज्याच्याकडे तुम्ही मागायला गेलात तो तुमचा ताळेबंद नंतर वाचतो, आधी तुम्ही कशातून उतरलात ते बघतो. आणि त्याला जेटची किंमत महत्त्वाची नसतीच. त्याला एवढंच कळतं, की यांच्या घरात अजून आग लागलेली नाही.

पुढे काय झालं तेही मजेशीर आहे. दोन आठवड्यांनी तेच तिघे परत वॉशिंग्टनला गेले, यावेळी रस्त्याने. जवळजवळ ८०० किलोमीटर, स्वतःच्या कंपनीच्या हायब्रिड गाड्यांतून. फोर्डने आपली जेट विकणार असं जाहीर केलं. पण लोक त्यालाही हसले, कारण तो आता नाटकासारखा दिसत होता. (वेळ निघून गेल्यावर केलेला साधेपणा असाच दिसतो. उधारी मागताना चप्पल घालून येणारे गिऱ्हाईक मीही बघितलेत, बूट बाहेर गाडीत असतात.) डिसेंबरमध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला १७.४ अब्ज डॉलरचं कर्ज मिळालं, आणि अटींमध्ये एक अट होती : खाजगी विमानं काढून टाका. पुढच्या जानेवारीत सिटीग्रुप या बँकेची पाळी आली. सरकारी मदतीवर तगलेल्या या बँकेने सुमारे ५ कोटी डॉलरचं फाल्कन जेट मागवलेलं होतं. बातमी फुटली, सरकारकडून दबाव आला, बँकेने विमान घेण्याचा बेत रद्द केला.

या सगळ्यात फटका कुणाला बसला? कॅन्सस राज्यातलं विचिटा हे शहर छोटी विमानं बनवण्यासाठी ओळखलं जातं, आपल्याकडे इचलकरंजी म्हटलं की कापड आठवतं तसं. मंदीमुळे ऑर्डरी रद्द होतच होत्या, त्यात 'जेट म्हणजे पाप' अशी हवा झाली आणि अनेक कंपन्यांना जेट असल्याची लाज वाटायला लागली. तिथल्या कारखान्यांतून हजारो कामगार घरी गेले. जेट बनवणाऱ्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून 'नो प्लेन नो गेन' नावाची प्रचार मोहीम नव्याने सुरू केली, लोकांना समजवायला की हे कामाचं साधन आहे, चैनीची वस्तू नाही. त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. अमेरिकेत लोकांना वापरता येतील असे जवळपास ५ हजार विमानतळ आहेत आणि प्रवासी कंपन्यांची विमानं त्यातल्या सुमारे ५०० ठिकाणीच जातात. एका दिवसात तीन आडगावचे कारखाने बघायचे असतील तर दुसरा इलाज नसतो. पण ज्यांच्यामुळे नाव खराब झालं ते तिघे वेगळे, आणि नोकरी गेली ती वेल्डरची.

आपल्याकडेही हे झालंय. किंगफिशर एअरलाईन्सच्या लोकांचे पगार महिनोन्महिने थकले होते, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विमानं जमिनीवर आली. आणि मालक विजय मल्ल्या यांचं स्वतःचं एअरबस ए३१९ होतं, नोंदणी क्रमांकात त्यांच्या नावाची अक्षरं असलेलं. सेवाकर थकल्यामुळे ते जप्त झालं, मुंबई विमानतळावर वर्षानुवर्षं धूळ खात उभं राहिलं. लिलाव अनेकदा फसला आणि शेवटी २०१८ मध्ये सुमारे ३५ कोटींना गेलं. कंपनी बुडायची कारणं बरीच होती, एकट्या जेटने ती बुडाली नाही. पण पगार थकलेल्या माणसाला तुम्ही इंधनाचे भाव आणि कर्जाचे हप्ते समजावून बघा. तो विमानाकडे बोट दाखवणार.

आता तुम्ही म्हणाल, मग श्रीमंतांनी जेट घेऊच नये का? मी तसं म्हणत नाहीये. वॉरन बफे यांचं उदाहरण घ्या, कारण जेटच्या बाबतीत या माणसाइतका प्रामाणिक हिशोब कुणी मांडलेला माझ्या तरी वाचनात नाही. त्यांच्या बर्कशायर कंपनीने १९८६ मध्ये साडेआठ लाख डॉलरला एक जुनं जेट घेतलं. तीन वर्षांनी ते विकून ६७ लाख डॉलरचं दुसरं जुनंच जेट घेतलं. हे त्यांनी लपवलं नाही. भागधारकांना दरवर्षी जे पत्र ते लिहीत असत त्यात स्वतःच सांगितलं, स्वतःचीच टिंगल केली, आणि विमानाचं नाव ठेवलं 'द इन्डिफेन्सिबल', म्हणजे ज्याचं समर्थन करता येणार नाही असं. भागीदार चार्ली मंगर यांना असला खर्च आवडत नसे, म्हणून बफे यांनी आधी गंमतीने मंगर यांचंच नाव विमानाला द्यायचं सुचवलं होतं! टीका करणाऱ्याने काय टीका करायची? मालकाने सगळं आधीच बोलून टाकलेलं. पुढे जेटचा उपयोग पटल्यावर त्यांनी नावही बदललं, 'द इन्डिस्पेन्सिबल' केलं, ज्याच्यावाचून चालणार नाही असं.

आणि त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. बफे नेटजेट्स या कंपनीचे गिऱ्हाईक झाले आणि १९९८ मध्ये बर्कशायरने ती कंपनीच ७२.५ कोटी डॉलरला विकत घेतली. नेटजेट्सचं गणित तुमच्या कामाचं आहे, जरा नीट बघा. १९८६ मध्ये रिचर्ड सॅन्टुली यांनी अख्खं विमान विकण्याऐवजी विमानाचा हिस्सा विकायला सुरुवात केली. सोळाव्या हिश्श्याला वर्षाला ५० तास उड्डाण. हिश्श्याची किंमत एकदा द्यायची, देखभाल आणि पायलटचा खर्च दर महिन्याला, आणि उडालात तेवढ्या तासांचे वेगळे पैसे. यामागची अक्कल साधी आहे. जेट उभं असतानासुद्धा खातं : पायलटचा पगार, विमा, हँगरचं भाडं, ठराविक तपासण्या. वर्षाला चाळीस-पन्नास तास उडणाऱ्याने अख्खं विमान घेतलं तर तो उडण्यासाठी नाही, उभं ठेवण्यासाठी पैसे देतोय. त्या धंद्यातले लोक साधारण असं सांगतात, की वर्षाला दोनशे-अडीचशे तास उडणार नसाल तर पूर्ण मालकीचा विचारसुद्धा करू नका. आपल्याकडे गावात जेसीबी कोण विकत घेतं आणि कोण तासावर बोलावतं, हाच हिशोब. फक्त जेसीबीसोबत फोटो टाकायला तासाला ६४ डॉलर कुणी देत नाही.

हा भाड्याचा आणि हिश्श्याचा बाजार कोविडनंतर जोरात वाढला. गर्दी टाळायची होती, प्रवासी फेऱ्या कमी झालेल्या, मग ज्यांनी आधी कधी जेट वापरलं नव्हतं तेही आले. २०२१ मध्ये तर नेटजेट्सला काही योजनांची विक्री थांबवावी लागली इतकी मागणी. पण मागणी म्हणजे नफा नव्हे, हे विसरू नका. व्हील्स अप नावाची कंपनी त्याच वर्षी शेअर बाजारात आली. २०२२ मध्ये सुमारे १६० कोटी डॉलरची विक्री केली आणि ५० कोटींहून जास्त तोटा दाखवला. सभासदांना दर ठरवून दिलेले, पण पायलट, इंधन, दुरुस्ती सगळं महागलेलं. २०२३ मध्ये डेल्टा एअरलाईन्स आणि इतरांनी पैसे घातले तेव्हा ती वाचली. गल्ला भरलेला आणि खिसा रिकामा, हे दुकान मोठं झालं म्हणून टळत नाही.

जेट वाढले तसा लोकांचा रागही वाढला, आणि आताच्या रागाचं कारण नवीन आहे : धूर. 'ट्रान्सपोर्ट अँड एन्व्हायर्नमेंट' या युरोपातल्या संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार खाजगी जेट दर प्रवाशामागे साध्या प्रवासी विमानाच्या ५ ते १४ पट प्रदूषण करतं. २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की २०१९ ते २०२३ या काळात खाजगी विमानांचा कार्बन उत्सर्ग ४६ टक्क्यांनी वाढला, आणि जवळपास निम्मी उड्डाणं ५०० किलोमीटरच्या आतली होती. पुणे-नागपूरपेक्षाही कमी! २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर आंदोलक जेटच्या चाकांपुढे जाऊन बसले. २०२४ मध्ये स्टारबक्सने नवे प्रमुख नेमले आणि करारात दिसलं की ते कॅलिफोर्नियातल्या घरी राहून कंपनीच्या जेटने १,६०० किलोमीटरवरच्या सिएटलच्या ऑफिसला ये-जा करू शकतील. लोकांनी लगेच धरलं : आम्हाला प्लास्टिकची स्ट्रॉ बंद, आणि साहेबांना जेट? मला विचाराल तर हा राग बरोबर आहे. गिऱ्हाईकाला जे सोसायला सांगता ते तुम्ही सोसताना दिसलंच पाहिजे.

याच्यावर काहींनी वेगळाच उपाय काढला, लपायचा. विमान आपली जागा रेडिओ सिग्नलने सतत सांगत असतं, आणि तो सिग्नल घरी स्वस्तातलं यंत्र लावून कुणीही पकडू शकतो. त्यावरून कुठलं जेट कुठे गेलं हे लोक इंटरनेटवर टाकायला लागले. लुई व्हिटॉनवाल्या एलव्हीएमएच समूहाचे बर्नार्ड आर्नो यांनी २०२२ मध्ये रेडिओवर सांगितलं, की कंपनीचं विमान विकलं, आता भाड्याने घेतो, म्हणजे मी कुठे जातो ते कुणाला दिसत नाही. कायद्याने त्यात काही गैर नाही. पण बफे आणि आर्नो यांच्यातला फरक तुम्हीच बघा. एकाने खर्च सांगून टाकला, दुसऱ्याने खर्च चालू ठेवून नंबर प्लेट बदलली.

हे सगळं मला एवढं का लागतं, ते आता सांगतो. माझं सांगलीत इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. बीबीए करून बसलेलो, त्यामुळे हिशोब मला येतो असा माझा समज होता. २०१८ च्या दसऱ्याला आम्ही गाडी घेतली. सुरुवातीची रक्कम बायकोच्या साठवलेल्या पैशातून, हप्ता तिच्या पगारातून. दुकानाच्या वहीतून एक रुपया गेला नाही. वही स्वच्छ!

त्याच महिन्यात बांधकामवाल्या दोन गिऱ्हाईकांची उधारी अडकली आणि दुकानातल्या दोन पोरांचा पगार आठ दिवस लांबला. गाडी रोज दुकानासमोर उभी. त्याच आठवड्यात वायरच्या डिस्ट्रिब्युटरचा माणूस आला. मी त्याला तीस दिवसांची उधारी पंचेचाळीस करून मागितली. तो हसून म्हणाला, "शेठ, गाडी नवीन वाटतं? बघतो, साहेबांशी बोलतो." पुढच्या महिन्यापासून माझा माल रोखीवर आला. दिवाळीनंतर एक पोरगा सोडून गेला, भांडला नाही, कारणही सांगितलं नाही. तीन वर्षांनी एका लग्नात भेटला. आता दुसरीकडे चांगला सेट झालाय. गप्पा मारता मारता सहज म्हणाला, "दादा, तेव्हा गाडीला पैसे होते की."

मी त्याला हप्त्याचं सांगायला लागलो आणि मध्येच गप्प झालो. तीन वर्षं उशीर झाला होता. पगार लांबला त्या दिवशी दोन मिनिटं बोललो असतो, की बाबांनो, गाडी वहिनीच्या पगारातली आहे, तुमचे पैसे अमुक गिऱ्हाईकाकडे अडकलेत, शनिवारी देतो, तर तो पोरगा कदाचित आजही माझ्याकडे असता. डिस्ट्रिब्युटरच्या माणसालाही हेच सांगता आलं असतं. नाहीतर गाडी महिनाभर घरीच लावायची. डेट्रॉईटवाल्यांना जे २० हजार डॉलरला पडलं ते मला एका चांगल्या पोराला पडलं.

म्हणून माझ्या ट्रेनिंगमध्ये मी आता खर्चाच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना काढायला लावतो : हा खर्च या महिन्यात कोण बघणार आहे, आणि त्यातल्या कुणाचे पैसे माझ्याकडे थकलेत. दुसऱ्या रकान्यात एकही नाव आलं तर खर्च पुढे ढकलायचा, किंवा त्या माणसाला आधी स्वतः तोंडाने सांगायचं. बँकेचा माणूस पाहणीला येणार असेल, सप्लायरकडे मुदत मागायची असेल, पगार लांबणार असेल, अशा महिन्यात नवीन आयफोनसुद्धा जेटच असतो.

मागच्या वर्षी डिलिव्हरीसाठी छोटा हत्ती घ्यायचं मनात आलं. यावेळी सगळ्या पोरांना बसवून कागद समोर ठेवला. हप्ता ११ हजार, ड्रायव्हर १४ हजार, विमा-देखभाल ४ हजार, म्हणजे महिन्याला २९ हजार तो उभा राहिला तरी जाणार. भाड्याच्या टेम्पोची फेरी ९००, स्वतःच्या टेम्पोला डिझेल २००, म्हणजे फेरीमागे वाचतात ७००. महिन्याला ४२ फेऱ्या झाल्या तर घेण्यात अर्थ. मी म्हणालो, होतील आरामात. गोडाऊन बघणारा पोरगा कागदाकडे बघत म्हणाला, "दादा, उन्हाळ्यात होतात. पावसाळ्यात बांधकामं बंद असतात, तेव्हा तीसच्या वर जात नाहीत. मी चिठ्ठ्या ठेवल्यात." चिठ्ठ्या काढल्या. जुलैच्या अठ्ठावीस निघाल्या.

टेम्पो अजून भाड्याचाच आहे.